बेचाळिसावा फॉर्म

लहानू बोरकुटे रायपुरातल्या एका ठाण्यात हेड मोहर्रिर आहेत, म्हणजे ठाण्याचं सगळं लिखाण त्यांच्याकडे. मूळ भंडाऱ्याचे. या पदावरच्या अकरा वर्षांत त्यांनी एकही कागद कोरा परत जाऊ दिला नाही. निवृत्तीला चार महिने उरले असताना हा गुण त्यांच्या अंगाशी आला.

गंधाली नावाची मुलगी पोलिसांचा स्वभाव आणि कामात लागणारं मन यावर प्रबंध लिहीत होती. तिने बेचाळीस प्रश्नावल्या आणून दिल्या. मुदत संध्याकाळची, आणि शिपाई सगळे बंदोबस्तावर. लहानूंनी रिवाजाप्रमाणे स्वतःच बसून भरल्या.

दोन दिवसांनी गंधाली परत आली. एकेचाळीस फॉर्मांवर लांब शेपटाच्या, एकाच हातच्या खुणा होत्या. बेचाळिसावा, खुद्द लहानूंचा, कोरा.

तक्रार झाली तर खात्यांतर्गत चौकशी लागते आणि पेन्शन अडकते, हे लहानूंना सांगायची गरज नव्हती. तसले कागद तेच लिहीत. त्यांनी चहा मागवला आणि काहीच नाकारलं नाही.

"काहून केलं असं, काका?" गंधालीचं माहेर नागपूरचं.

"यांच्या रजेचे अर्जही मीच लिहून राहिलो, मॅडम. कोणाचं डोकं कधी फिरते, मले माहीत असते."

तिने सगळ्यांना बोलावून फॉर्म पुन्हा भरून घेतले. मदत म्हणून ठाणेदार स्वतः खोलीत बसले. एकेचाळीस जणांनी लिहून दिलं की आपण कधीच चिडत नाही आणि रोज सकाळी आनंदाने कामावर येतो. त्यात आदल्या आठवड्यात सदर बाजारात एका स्कूटरवाल्याची चावी नालीत फेकणारा शिपाईही होता. लहानूंनी त्याच्या फॉर्मवर 'चटकन चिडतो' यावर खूण केली होती.

गंधालीने दोन्ही गठ्ठे चाळले. प्रबंधात यातलं काहीच चालणार नव्हतं. हे ठाणं वगळते, का वगळलं ते कुठे लिहीत नाही, असं ती म्हणाली. मग तिने कोरा फॉर्म पुढे सरकवला. आता तो कोणाच्या कामाचा नव्हता, पण तिला जाणून घ्यायचं होतं.

लहानू म्हणाले, स्वतःचं लिहायची सवय नाही.

"हव, द्या इकडे," बाजूच्या टेबलावरची हवालदार कुसुम म्हणाली. तिने काहीही न विचारता दहा मिनिटांत भरला. शेवटचा प्रश्न होता, काम सोडून घरी जाणं जड जातं का. तिने 'नेहमी'वर खूण केली.

चुकीची नोंद दिसली की खोडून बाजूला सही करायची, ही लहानूंची पद्धत. त्यांनी पेन उघडून त्या खुणेवर धरलं. मग टोपण लावलं, फॉर्मवर जावक क्रमांकाचा शिक्का मारला आणि तो गंधालीकडे दिला.