सरांना वास सांगताना

मुकुटबनहून बारावी होऊन मी यवतमाळला बी.एस्सी.ला आलो, तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. रसायनशास्त्राच्या सरांनी मला घरी बसवून शिकवलं. आज मी स्वतः शिकवतो ते त्यांच्यामुळे. म्हणून मागच्या रविवारी "दुपारी ये, एक जुनी बाटली उघडायची आहे" असा त्यांचा फोन आला, तेव्हा मी सहसा घेत नाही हे सांगावंसंही वाटलं नाही.

बाटली सिंगल माल्टची होती. सर विभागप्रमुख झाले त्या वर्षी त्यांच्या थोरल्या भावाने विलायतेहून आणलेली. चांगल्या दिवसासाठी म्हणून ती वीस-बावीस वर्षं पुस्तकांच्या कपाटात राहिली. लेबल पिवळं पडलं होतं, आतली व्हिस्की दोन बोटं खाली उतरली होती. पिंपात असते तोवरच तिचं वय वाढतं, बाटलीत नाही, हे सरांनी सवयीने समजावलं. मग एवढी वर्षं थांबलात कशाला, असं काकू आतून म्हणाल्या.

सर हसले आणि मग ती आजच उघडण्याचं खरं कारण सांगितलं. कोरोनाच्या तापात त्यांचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. डॉक्टरांनी आता आशा सोडायला सांगितली होती.

"माझा नुसता घसा जळेल. तू वास घे, चव घे आणि मला सांग. ती कशी आहे एवढं मला कळू दे."

बूच ओढताना मध्येच तुटलं आणि उरलेल्याचा भुगा आत पडला. काकूंनी गाळणी दिली. दोन ग्लासांत थोडी थोडी गाळून घेतली.

प्रयोगशाळेत वास हाताने आपल्याकडे ओढायचा, हे सरांनीच शिकवलेलं. तिथे शब्द ठरलेले असत: उग्र, गुदमरवणारा, सडक्या अंड्यासारखा. इथे त्यातला एकही चालेना.

"धूर आहे, सर."

"कसला?"

पुस्तकी मराठीत सुचेना. "कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या न सर, पेटत नाई, नुसत्या धुपते, तसा येऊन राह्यला."

सरांनी डोळे मिटले. "पुढे?"

"काकवी. अन् थोडं आलं."

आल्यावर ते फारच खूश झाले. हे बार्लीतून आलं असेल की पिंपाच्या लाकडातून, याचा विचार करू लागले. काकू दारात उभ्या होत्या. सकाळचा चहा त्याच गाळणीने गाळला होता, त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही तिघेही हसलो. आलं खोडून टाक, सर म्हणाले, अजून काय?

अजून काहीच येईना. घोट घेतला तर जीभ बधिर झाली. येण्याआधी मोबाइलवर वाचलेलं आठवलं, तेच सांगून टाकलं: मध, सुकं अंजीर, समुद्राचा वारा.

"समुद्र पाहिलायस तू?"

"नाही, सर."

"मग तो नको."

मग सरांनी आपला न उष्टावलेला ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"यात काही वेगळं येतं का, बघ बरं."

दोन्ही ग्लासांत एकाच बाटलीतली होती, हे त्यांना मी काय सांगणार? मी वास घेत राहिलो, आणि सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले.