लाल बिल्ला, पिवळा बिल्ला

किस्से मी जमवत नाही. लोक माझ्यासमोर येऊन करतात, मी फक्त विसरत नाही! बूढापारा मोहल्ल्यात माझा एवढासा फोटो स्टुडिओ आहे. संध्याकाळी त्याच्या पायरीवर आम्ही तीन-चार बाया चहा घेऊन बसतो, आणि कोणीतरी विचारतेच, "ताई, आज कोणावर तापल्या?" रोज कोणी ना कोणी असतोच. पण यंदाच्या फोटो फेअरमध्ये एका दिवसात जेवढे सापडले, तेवढे एरवी वर्षभरात सापडत नाहीत.

आधीच सांगते, मी तिथे मिरवायला गेले नव्हते. हळद, मेंदी, लग्नाच्या चुलीसाठी नाचत-गात माती आणायची ती चुलमाटी, लग्नाच्या ज्या ज्या विधीला पुरुष फोटोग्राफरला आत घेत नाहीत, तिथे मी जाते. मला कोणी शिकवलं नाही. नवरा रेल्वेत होता. तो ड्यूटीवर गेला की त्याचा कॅमेरा माझा, आणि वाया गेलेले रोल त्याचे! आता उजवं मनगट दुखतं. डॉक्टर म्हणाले, जड कॅमेरा सोडा. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, आता बस कर." काहून बस करू? जड उचलवत नाही तर हलका घेईन! मला एवढंच पाहायचं होतं, की तो नवीन हलका कॅमेरा डोळ्याला लावला तर मनगट कुरकुरतं की नाही. नाही कुरकुरलं तर देवउठनी एकादशीनंतरची लग्नं माझी. कुरकुरलं तर स्टुडिओचं शटर खाली. दुसरा काही इलाज नव्हता.

सोबत सोनमती होती. माझ्या प्रत्येक कामात लाइट तीच धरते. आणि आमचा ऑटोवाला गणेश. त्याच्या घरची भाषा मराठी, पण पोट्टा उत्तर हिंदीतच देतो. बाहेर उन्हात काय बसतोस, आत एसी आहे, चल, म्हणून मीच त्याला आत ओढला. तिथूनच सगळं सुरू झालं.

*

दारावर नाव लिहून बिल्ले देत होते. मी पुढे, गणेश मागे. टेबलावरच्या पोरीनं माझ्या खांद्यावरून गणेशला विचारलं, "सर, स्टुडिओ का नाम?"

गणेश घाबरला. त्यानं खरं ते सांगितलं, म्हणजे माझ्या स्टुडिओचं नाव! त्याच्या गळ्यात लाल बिल्ला पडला, 'प्रोफेशनल'. माझ्या आणि सोनमतीच्या गळ्यात पिवळा, 'फॅमिली'.

"किसकी फॅमिली?" मी विचारलं.

"सर की."

सर माझ्या धाकट्या पोरापेक्षा लहान आहेत! आणि सर त्या वेळी खाली वाकून चपलेचा तुटका पट्टा बसवत होते.

*

हलक्या कॅमेऱ्याचा स्टॉल मी घरूनच ठरवून आले होते. काउंटरवर टाय लावलेला एक जण. मी म्हटलं, "वो छोटावाला दिखाना." त्यानं तो उचलला, पुसला, आणि गणेशच्या हातात दिला!

मग जे सांगणं सुरू झालं! सेन्सर असा, फोकस असा, बॅटरी अशी. गणेश आपला प्रत्येक वाक्याला "हव... हव..." करून राहिला.

"सर, आप आउटडोर ज्यादा करते हैं कि इनडोर?"

"आउटडोर ही है जी. पंडरी से स्टेशन."

"वाह! स्ट्रीट फोटोग्राफी!"

मी म्हटलं, बापू, घेणारी मी आहे, एकदा माझ्या हातात दे. तर म्हणाला, "आंटीजी, ट्रायल सिर्फ लाल बैज को." वर गणेशच्या गळ्यात कॅमेरा अडकवला. हॉलमध्ये फिरा सर, फोटो काढा, संध्याकाळी सगळ्यात चांगला फोटो स्टेजवरच्या पडद्यावर दाखवणार!

स्टॉलपासून चार पावलं गेल्यावर गणेश हळूच म्हणाला, "अम्मा, आप ले लो ना. कौन देख रहा है?"

"नाही," मी म्हटलं. "ज्यानं मले नाही म्हटलं, त्याच्याच हातून घेईन."

"और नहीं दिया तो?"

"तं तसंच जाईन घरी."

सोनमतीनं कपाळाला हात लावला. तिला माहीत होतं, मी खरंच तशीच जाईन.

*

पुढच्या स्टॉलवर मराठी ऐकू आलं. नागपूरचा माणूस! मला इतका आनंद झाला की मी त्याला मनगटाचंही सांगून बसले.

"मग काकू, कायले उचलता कॅमेरा?" तो मायेनं म्हणाला. "आता मोबाइलच बरा तुमाले. नातवाचे फोटो काढा, ग्रुपवर टाका, आराम करा."

"तुले काही दुखते का रे?"

"गुडघे दुखतात ना काकू. दिवसभर उभं राहा लागते."

"मग तू काहून नाही आराम करून राहिला? रांगत जा घरी!"

बाजूचं गिऱ्हाईक हसलं. नागपूरकर काही हसला नाही.

*

फोटोग्राफर लोक घालतात ते खूप खिशांचं जाकीट हवं होतं. जी जाकिटं दाखवली, ती माझ्या गुडघ्यापर्यंत. लेडीज साइज? "लेडीज में नहीं आता, अम्मा."

"काहून नाही येत? बायकांले सामान नसते का?"

"लेडीज के पास पर्स रहता है ना!"

चुलमाटीत डोक्यावर लाइट, समोर नाचणाऱ्या बाया, पायाखाली माती, आणि मी पर्सची चेन उघडत बसू? मी तिथल्या तिथे कमरेच्या कनवटीतून एक बॅटरी काढून काउंटरवर ठेवली. मग दुसरी. मग कार्डाची डबी. मग लेन्सचं फडकं.

त्यानं मान दुसरीकडे फिरवली! बाईच्या कनवटीकडे पाहायची लाज वाटते, बाईसाठी दोन खिसे शिवायची नाही वाटत!

*

दुपारी माइकवर घोषणा झाली: 'फोटोग्राफी में महिलाएँ' या विषयावर चर्चा. म्हटलं चला, इथे तरी बसावं. मंचावर पाच खुर्च्या, पाचांवर पुरुष. सगळे महिलांबद्दल इतकं चांगलं बोलत होते की जणू आम्ही वारलोय!

प्रश्न विचारा म्हणाले तशी मी उठले. "महिला कहाँ है?"

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मधल्यानं खाली बोट दाखवलं. "आप लोग हैं ना!"

आम्ही लोक खाली सतरंजीवर होतो.

*

आता सोनमतीचं. एका स्टॉलवर फोटो साफ करणारं सॉफ्टवेअर होतं. एका क्लिकमध्ये डाग, सुरकुत्या, सगळं गायब. त्या पोट्ट्यानं सोनमतीला स्टुलावर बसवून फोटो काढला. ती छान बसली, हात मांडीवर, हनुवटी वर. इतकी वर्षं नवऱ्यामुलींना कसं बसायचं ते तीच तर दाखवते!

क्लिक झालं. स्क्रीनवर एक गुळगुळीत बाई आली. सोनमती जवळ गेली, आणखी जवळ गेली.

"मोर गोदना कहां गे?"

तिच्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. लग्नाआधी आईनं धरून गोंदवलेलं. सोनं-चांदी लोक इथेच उतरवून घेतात, गोंदण तेवढं मेल्यावरही सोबत येतं, असं तिची आई सांगायची. आणि त्या मशीननं ते डाग समजून पुसलं!

"दाई, देखो ना, कितना साफ हो गया!" पोट्टा खूश.

मग मात्र माझा आवाज चढला. डाग कोणाला म्हणतो? तुला कोणी सांगितलं पुसायला? तुझ्या आईच्या कपाळावरचं कुंकू पुसशील का असंच, क्लिक करून? परत आण आधी! माझं बोट त्याच्या नाकासमोर, आजूबाजूला माणसं गोळा झाली, कोणीतरी कॅमेऱ्याचा फ्लॅशही मारला. मी पाहिलंसुद्धा नाही कोण ते.

पोट्ट्यानं घाईघाईनं काहीतरी दाबलं. ठिपके परत आले, हातांवरचं गोंदणही परत आलं. "अम्मा, टेंशन मत लो. ओरिजिनल तो सेव रहता है."

सोनमतीनं स्क्रीनकडे पाहिलं. मग स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून नीट पाहिले.

"असली तो इहां हे," ती म्हणाली, आणि स्टुलावरून उतरली.

*

संध्याकाळी निघायच्या बेतात होतो. मी कॅमेरा धरलाच नव्हता. सोनमती माझ्या हट्टावर रुसली होती, गणेश कॅमेरा परत करून आला होता. तेवढ्यात स्टेजवरचा पडदा उजळला, आणि त्यावर मी!

भिंतीएवढी मी. तोंड उघडं, बोट पुढे, सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी. बाजूला त्या सॉफ्टवेअरवाल्याचं अर्धं नाक.

"आज का बेस्ट फोटो!" माइकवाला ओरडला. स्टेजवर पाहुणे, दुपारच्या चर्चेतले पाच जण, कंपनीचे मोठे साहेब, मागे तो टायवाला. "सर, आइए! और अम्मा, आप भी!"

गणेश माझ्या मागे लपायला लागला. मी त्याला दंडाला धरून वर नेलं.

"सर, ये एक्सप्रेशन कैसे पकड़ा?"

"पकड़ा नहीं जी. अम्मा डाँट रही थीं, हम डर गए, बटन दब गया."

हॉल हसला. माइकवाल्याला वाटलं, सर विनोदी आहेत. "सर, कितने साल हो गए इस काम में?"

"ऑटो में?"

साहेबांनी गणेशचा लाल बिल्ला पाहिला, माझा पिवळा पाहिला. गणेश माइकमध्येच म्हणाला, "फोटोवाली तो ये हैं. हम तो इनको छोड़ने आए थे."

माइकवाल्यानं घाईघाईनं माइक माझ्यासमोर धरला. "अम्मा, अपना फोटो कैसा लगा?"

"तिरछा है," मी म्हटलं. "बाकी अच्छा है. किसी ने साफ नहीं किया."

साहेबांनी मान वळवून टायवाल्याकडे पाहिलं. तो खाली उतरला, स्टॉलवर गेला, कॅमेरा घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. एका हातानं.

मी घेतला नाही.

मग त्यानं दुसरा हातही लावला.

मी पट्टा मनगटाला गुंडाळला, कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला. मनगट काही बोललं नाही. आणखी थोडा वेळ धरून ठेवला. नाही बोललं. समोर साहेब, पाहुणे, दुपारचे ते पाचही जण, टायवाला, सगळे मंचावर इकडेतिकडे पांगलेले.

"पास-पास आइए," मी म्हटलं.

ते आले.

"पेट अंदर!"

सगळ्यांनी घेतलं.