भागूच्या नसेतल्या काळ्या रेघा

हे कुणाला सांगायचं नाही, अशी आत्याची सक्त ताकीद आहे. पण असली फजिती पोटात ठेवून माणूस जगणार तरी कसा? भागूचं नाव बदललंय. तेवढं पाळलं की झालं!

आत्या सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये डॉक्टर आहे. तिच्या टेबलावर पेशंट येत नाही, पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा येतो. सुट्टीत मी तिच्याबरोबर जाते. मी बोलत नाही म्हणून तिला चालते. "ही बसली काय नि कपाट ठेवलं काय, सारखंच," असं ती सगळ्यांना सांगते.

त्या दिवशी भागूचा रिपोर्ट व्हायचा होता. भागू मैंदर्गीची, तीन वर्षांची. लहान मुलांना होतो तो डोळ्याचा कॅन्सर तिला झालेला. डावा डोळा काढावा लागला. आता प्रश्न एकच होता: डोळ्यामागच्या नसेत आजार शिरलाय का? नस साफ असेल तर पुढची कडक औषधं कदाचित टळणार होती. बाहेर बाकावर तिचे बाबा बसले होते. म्हणजे बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. भागू मात्र पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी मजेत बिस्किटं खात होती.

लॅबमध्ये नवा मायक्रोस्कोप आलाय. आधी साध्या उजेडात जागा शोधायची, मग लेझर लावून पेशींचे थरावर थर बघायचे. सगळं समोरच्या पडद्यावर दिसतं. आत्याला फोन आला. "पडद्यावर बघ, हात लावू नकोस," असं म्हणून ती बाजूच्या खोलीत गेली.

पडद्यावर तर कुणीही बघेल! मी डोळे भिंगांना अगदी चिकटवले.

गुलाबी नस. आणि तिच्यावर आडव्या, वाकड्या, काळ्याभोर रेघा!

मी लगेच वहीत त्यांचं हुबेहूब चित्र काढलं. मग हळूच चाकी फिरवून नसेचा काप ठेवलेली काचपट्टी सरकवली. तिथंही रेघा! आणखी सरकवली. तिथंही! म्हणजे सगळीकडे पसरलंय? तेवढ्यात त्या रेघा हलल्या. हो, हलल्या! म्हणजे जिवंत?

मी पाणी प्यायला बाहेर पळाले. समोर भागूचे बाबा.

"ताई, आत बगितलंस न्हवं? कसं हाय?"

माझ्या तोंडून एरवीही शब्द फुटत नाही. डोळे भरून आले. शेवटी कसंबसं म्हणाले, "मला सांगायची परवानगी नाही, काका."

आता तुम्हीच सांगा, यापेक्षा वाईट काही बोलता आलं असतं का?

काका मटकन बसले. फोन काढला. "अगं, नसंत गेलंय वाटतं. न्हाय, कोन बोललं न्हाय. पर ताई रडायलीय की!" त्यांच्या बायकोनं भावाला सांगितलं. भावाचा लगेच फोन. "दाजी, आज रातीच मुंबई गाटू. जीप काडतो." मागोमाग कुठल्यातरी आत्तीचा फोन, ती तर रडतच होती. मी खांबामागे उभी राहून पाण्याचा रिकामा ग्लास पीत होते.

तेवढ्यात पडद्यावर सगळं तपासून आत्या हसत बाहेर आली. "रिपोर्ट झाला. नस साफ आहे!"

काका हलेचनात. "म्याडम, लपवू नगा. ह्या ताईनं बगितलंय."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. कपाट पहिल्यांदाच बोलणार होतं. "आत्या, रेघा आहेत. काळ्या. सगळीकडे. हलतात."

मी पुढे केलेलं वहीतलं चित्र बघून आत्यानं मला आत नेलं. "पडद्यावर दाखव."

पडद्यावर एकही रेघ नाही! मी भिंगातून पाहिलं. आहेत की!

"आता डोळे मिचकाव."

मिचकावले. रेघा नाचल्या.

"मुक्ता, बाई गं, या तुझ्याच पापण्यांचे केस आहेत. मायक्रोस्कोपला डोळे असे चिकटवतात होय?"

धरणीनं मला पोटात घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. उलट आत्यानं मलाच बाहेर जाऊन काकांना सांगायला लावलं. काकांनी आधी भागूला उचलून छातीशी घट्ट धरलं, डोळे पुसले आणि मग ते हसत सुटले. "ताई, डाक्टर व्हय की खुशाल! पर आदी पापन्या कातरून घे!"

आज ते भागूला तपासणीसाठी घेऊन आलेत. सगळं ठीक आहे, आत्याला भेटायला बाहेर थांबलेत. मी आत बसून हे लिहितेय, कारण मी ठरवलंय की त्यांच्यासमोर जायचं ते हसऱ्या तोंडानंच. मागच्या खेपेला मी नुसतं नाक पुसलं, तर ते बिचारे लगेच फोन काढून…

"मुक्ता! आधी बाहेर ये बघू! तू इतका वेळ आत काय करतेस म्हणून भागूच्या बाबांना घाम फुटलाय!"