चेंबरातलं तीस मीटरचं वेटोळं

मीटरकाकांना रस्त्यावर बसायला हल्ली दोन खेपा लागतात; आधी एक गुडघा टेकतो, मग बऱ्याच विचाराने दुसरा. पंचवीस वर्षं जमिनीखालची केबल कुठे तुटली ते शोधून माणूस शिणणारच. निवृत्तीला चार महिने उरलेत आणि सेवापुस्तकात अजून एकही वाईट शेरा नाही, एवढीच काय ती त्यांची मिजास.

आज त्यांच्या तपासणीच्या मीटरने केबलमधल्या काचेच्या तारेत उजेड सोडला आणि सांगितलं, तुटलंय इथून एक हजार आठशे साठ मीटरवर. नकाशात ती जागा औषधाच्या दुकानासमोर येत होती.

"एकच खड्डा खणायची परवानगी आहे हं, काका," साहेब म्हणाले. साहेब काकांच्या मुलीच्या वयाचे. "रस्ता नवाकोरा आहे. चुकलो तर दुसऱ्या परवानगीला आठवडा. तोवर पुढचा दवाखाना, शाळा, सगळ्यांचं इंटरनेट ठप्प."

"मग सांगा लवकर कुठे ते," खोदणाऱ्या मावशी पहारीला टेकून म्हणाल्या. "माझी कंबर काही कंपनीने दिलेली नाही."

काका उठले नाहीत. त्यांना वाटेतलं चेंबर, केबलसाठी रस्त्याखाली बांधलेला झाकणाचा हौद, आठवत होतं. बारा वर्षांपूर्वी तिथे केबल टाकताना शेवटी तीस मीटर उरली. ती कापायची, गोदामात परत न्यायची, वर फॉर्म भरायचा, याचा त्यांना असा कंटाळा आला की वेटोळं करून त्यांनी ती चेंबरातच कोंबली. नकाशात चकार शब्द लिहिला नाही. मीटर मात्र वेटोळ्यासकट मोजतो. म्हणजे तुटलेली जागा दुकानापाशी नव्हतीच. तीस मीटर अलीकडे, गॅरेजसमोर होती.

गप्प बसलं तर खड्डा चुकेल आणि खापर नकाशावर फुटेल. बोललं तर शेरा.

"गॅरेजसमोर खणा," काका म्हणाले.

"अहो, नकाशात तर..."

"नकाशात नाहीच ते. मीच लिहिलं नव्हतं." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. लपवायचंही त्राण अंगात नव्हतं.

मावशी हसल्या. "म्हणजे तुम्हीपण आमच्यासारखेच की! मला वाटलं, तुम्ही मशीनच आहात."

कंबरभर खोलीवर केबल सापडली, दगडाखाली चेमटलेली. काका छत्रीखाली बसून केसासारख्या तारा एकेक जोडू लागले. शेवटची जुळली तेव्हा साहेबांनी वही उघडली.

"शेरा द्यावा लागेल, काका."

"द्या."

"आणि असं आणखी किती ठिकाणी करून ठेवलंय?"

काकांनी मान वर केली नाही. बोटांवर मोजायला लागले, दुसऱ्या हातावर गेले, मग म्हणाले, "एक कागद द्या. लिहूनच देतो."