दुर्बिणीचे चार स्क्रू

आमचे हे आज पहाटे गेले. खरं तर साठ वर्षांपूर्वीच जायचे होते.

तेव्हा भिलाईचा प्लांट उभा राहत होता. हे फिटर, मी नवी नवरी, खुर्सीपारला एका खोलीत संसार.

जवळच्या रुआबांध्याच्या झाडीत बिबट्या आला होता. लाकडं आणायला गेलेल्या एका बाईला त्यानं फाडलं. आम्ही बाया पाण्यालाही घोळक्यानं जायचो.

ह्यांच्या साहेबाकडे शिकारीची रायफल होती. वरची दुर्बीण हलायची, ती साहेबानं ह्यांना टाइट करायला दिली.

ह्यांनी प्लांटमधल्या सवयीनंच हात चालवला. स्क्रूला थेंबभर तेल, आधी एक बाजू गच्च, मग दुसरी. वर मिशीला पीळ.

साहेब बिबट्यामागे गेला, तर दोन गोळ्यांच्या धक्क्यानंच तेलकट स्क्रू ढिले झाले. तिसरी बिबट्याच्या पायाला लागली. जखमी जनावर झुडपात घुसलं.

हे घरी आले ते पांढरेफटक.

"उद्या साहेबासंगं मी जातो."

"कावून? तेल लावलं हे साहेबाले माहीत हाय का?"

"मले माहीत हाय न."

असा राग आला. पण रागाखाली नुसती भीती होती.

सकाळी रिकामी रायफल घरी आणली. मी ती धरून बसले. ह्यांनी चारही स्क्रू पेट्रोलनं धुतले, माझ्या पदरानं कोरडे पुसले. मग इकडून थोडं, तिकडून थोडं, दुर्बिणीच्या कड्यांच्या दोन्ही फटी सारख्या.

"अजून कसा ना."

"जास्त कसलं तं तुटते. मनगट सांगते कुठं थांबाचं ते."

मडक्यावर नेम तपासून हे नि साहेब झाडीत गेले.

ऊन उतरताना एकच बार झाला. मग काहीच नाही.

मेलं कोण, कळेना. मी दारात बसलेली. घाम कपाळावरून ओघळत होता, पण कुंकू पुसलं जाईल म्हणून हात लावला नाही.

हे चालत आले. एका पायात चप्पल नव्हती.

"झालं," एवढंच बोलले. मी तिथंच रडले.

आज पोरं तिरडीची एकच बाजू आवळत होती. मी उठले.

"इकडून थोडं, तिकडून थोडं बांधा रे. तुमच्या आजोबाले तसंच लागे."

नात म्हणते, आजी, श्रद्धांजली लिही. दुसरं काय लिहू?

सावकाश जा हो. आज मी कपाळावरचा घाम पुसला.