पट्टीला हात लागला

आमच्या खेळातला चेंडू वाजतो. त्याच्या पोटात घुंगरं असतात. तीन जणी इकडं, तीन तिकडं, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. चेंडू जमिनीवरून सुसाट सोडून समोरच्यांच्या जाळ्यात घालायचा, आणि समोरच्यांनी आवाजावरून आडवं पडून तो अंगानं अडवायचा. याला गोलबॉल म्हणतात. हिंगोलीत हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी दर वेळी समोरचा विचारतोच, "तुमाला दिसतच न्हाई, मग पट्टी काहून?" अरे बाबा, कुणाला थोडं दिसतं, कुणाला नुसता उजेड कळतो, कुणाला माझ्यासारखा ठार काळोख. सगळ्यांना एका मापात आणायला पट्टी. आणि सामना सुरू झाला की त्या पट्टीला कुणी बोट लावायचं नाही. लावलं की दंड.

मी एका सरकारी कार्यालयात फोन घेते. लहानपणी तापात डोळे गेले, त्याचं आता काही वाटत नाही, विचारणाऱ्यांचंच वाटतं. खेळ मात्र मी जीव लावून खेळले, देशाच्या संघापर्यंत गेले. तेव्हाच एका शिक्षकांचा फोन आला की एक पोरगी आहे, कान तिखट आहेत, जरा बघा.

ती शिरड शहापूरहून यायची. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. रविवारी सकाळच्या एसटीनं बापलेक हिंगोलीला उतरायचे. सरावाला हॉल कुठला मिळणार? एका मंगल कार्यालयाचा मालक भला माणूस, लग्न नसेल त्या रविवारी तो जागा द्यायचा, वर स्वतः झाडून द्यायचा. आम्ही फरशीवर सुतळी ताणायचो आणि वरून टेप लावायचो, म्हणजे हातापायांना रेघ कळते. झाडलं तरी अक्षतांचे दाणे राहायचेच. आडवं पडलं की ते कोपरात रुतायचे. ती कोपर चोळत म्हणायची, "ताई, आज कुणाचं तरी लगीन माझ्या कोपरात घुसलं." वडील बाहेर पायरीवर बसून खोकत हसायचे.

खरं सांगते, असे कान मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. चेंडू समोरचीच्या हातातून सुटायच्या आधीच ती पडलेली असायची. मी विचारलं, कसं गं कळतं? तर म्हणे, फेकणारी श्वास घेते ना ताई, तो ऐकायचा. मी इतकी वर्षं खेळतेय, मला कधी कुणाचा श्वास ऐकू आला नव्हता.

खोड एकच होती. पाय लागला की नमस्कार. चेंडूला लागो, माझ्या हाताला लागो, दाराच्या उंबऱ्याला लागो, लगेच वाकून तिथं बोटं टेकवायची आणि ती बोटं डोळ्यांना लावायची. आजीनं रांगत्या वयापासून अंगात मुरवलेलं. आपल्याकडं बहुतेकांना ही सवय असते, डोळस माणसाचं तिच्यामुळं काही अडत नाही. पण आमच्या खेळात डोळ्यांना हात म्हणजे पट्टीला हात. आमचं घर बौद्ध. कुणाच्या पाया पडायचं नाही, हे बाबांनी आम्हाला अक्षर ओळखायच्या आधी शिकवलेलं, त्यामुळं मला तिच्या या प्रकाराचा मनस्वी राग यायचा. मी ओरडायचे, "अगं, रबराचा चेंडू हाय तो! त्यात देव बसलाय का?"

"आत कुणीतरी वाजून राहिलंय तर खरं, ताई."

कर्म माझं! मग मी नियम केला. हात डोळ्यांकडं गेला की जागेवर दहा जोर मारायचे. दोन-तीन महिने नुसते जोर काढले तिनं. हळूहळू हात छातीपाशी थांबायला लागला, मग उचलायचाच बंद झाला. चेंडूला लाथ बसली तरी ती दगडासारखी पडून राहायची. राज्याच्या संघात गेली, मग देशाच्या शिबिरात, आणि परदेशातल्या त्या मोठ्या स्पर्धेसाठी आम्हा दोघींचीही निवड झाली. हिंगोली जिल्ह्यातल्या दोघी एका संघात! माझे तर पाय जमिनीवर नव्हते.

जायच्या आदल्या आठवड्यात तिच्या वडिलांनी मला एसटी स्टँडवर चहाला बसवलं. ती शेजारीच होती, तिच्यादेखतच ते बोलले.

"ताई, तुमाला खरं सांगतो. डोंगरकडा गावचं स्थळ येऊन राहिलंय. पोरगं दुकान चालवतं, पायानं जरा अधू हाय, पण माणसं चांगली हायेत. पदक घेऊन आली तर नोकरीचं काहीतरी व्हईल, मग ती तिची मालकीण, मी चकार शब्द काढणार न्हाई. न्हाई आलं, तर मी बी थांबणार न्हाई. माझ्यामागं तिला कोण हाय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण माणूस वाईट नव्हता, हीच तर तकलीफ. ते पैसे द्यायला उठले तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला लगीन न्हाई करायचं, ताई. मला हिंगोलीत खोली पाहिजे. मी कुलूप लावीन, मीच उघडीन." मी म्हटलं, पदक आणू आपण. म्हणताना मला काडीचीही शंका नव्हती.

परदेशाचं मी काय सांगणार? लिफ्ट बोलायची, पण भाषा आपली नव्हती. जेवणाला तिखट नाही, मीठ नाही. हॉल मात्र असा की श्वास टाकला तरी ऐकू यावा. आम्ही काही सामने हरलो, काही जिंकलो, आणि शेवटी तिसऱ्या जागेच्या सामन्यात आलो. हा जिंकला की कांस्यपदक. मी मधे, ती माझ्या उजवीकडं, डावीकडं हरियाणाची एक दांडगट मुलगी. आमची शिरडची पोरगी त्या दिवशी काय खेळली म्हणून सांगू! भिंत झाली होती भिंत. तिच्या बाजूनं एकही चेंडू गेला नाही. माझ्या चुकीनं दोन गेले, आम्हीही दोन मारले.

बरोबरी होती आणि शेवटचं मिनिट चालू होतं. समोरून चेंडू आला तो बराबर आम्हा दोघींच्या मधल्या फटीत. दोघीही झेपावलो. चेंडू माझ्या छातीवर आदळला आणि त्याच क्षणी तिची टाच माझ्या कपाळावर बसली. डोळ्यांपुढं तारे, असं लोक म्हणतात. मला नुसता कानात सूं आवाज झाला. चेंडू हरियाणाच्या मुलीनं पकडला होता, आता आमची फेक होती. आणि मला कपाळावर दोन बोटं जाणवली. हलकी. टेकली आणि उचलली गेली.

मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर शिट्टी झाली.

"पर्सनल पेनल्टी. आयशेड्स."

पट्टीला हात लावल्याच्या या दंडाची रीत अशी की जिनं चूक केली तिनं एकटीनं गोल राखायचा. बाकीच्या दोघींना हाताला धरून बाहेर नेतात. नऊ मीटर रुंद गोल, जो तीन जणींना पुरत नाही, तो एकटीनं अंगावर घ्यायचा. मला बाहेर नेताना मी तिच्या दंडावर हात दाबला. आणि बाहेर उभं राहिल्यावर आम्हाला बोलायची बंदी. हॉलमध्ये पिन पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी ओठ दातांत धरून उभी. ऐक, पोरी, श्वास ऐक, एवढंच मनात.

घुंगरं वाजली. तिचं अंग फरशीवर आपटलं. मग जाळीचा आवाज आला.

त्यानंतर काही सेकंद खेळ झाला म्हणतात. मला आठवत नाही.

खोलीवर आल्यावर मी तिला फाडून खाल्लं. "दहा-दहा जोर मारून मोडलेली खोड, आणि आज? आज? माझ्या डोक्याला नमस्कार करायला मी कोण लागून गेले?" ती रडत नव्हती, तेच मला सहन होईना. ती एवढंच म्हणाली, "चेंडू असता तर केला नसता, ताई. तुमचं डोकं होतं."

तिला जवळ घ्यावं की थोबाडीत द्यावी, मला कळेना. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले.

पदकाविना परत आल्यावर तिनं फोन घेणं बंद केलं. पंधरवडा गेला. माझं चित्त कशातच लागेना, कार्यालयात साहेबांचा फोन भलत्याच टेबलाला जोडून दिला आणि बोलणी खाल्ली. शेवटी एका सुटीच्या दिवशी मी काठी घेऊन एकटीच शिरड शहापूरच्या गाडीत बसले. वडिलांना काय सांगायचं ते मी घोकत गेले. फक्त एक वर्ष द्या म्हणायचं. तिची चूक खेळातली नाही म्हणायचं, ती तर तुमच्याच घरानं शिकवलेली. ते चिडले तर हे बोलायचं, नरमले तर ते.

त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी बोलत राहिले, ते ऐकत राहिले. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. माझं संपल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"बरं. थांबतो एक वर्ष. पाहुण्यांना मी सांगतो, काय सांगायचं ते." आणि आतल्या दिशेनं मोठ्यानं, "ऐकलंस का गं? ताई घ्यायला आल्यात तुला."

आनंदानं मला उठून नाचावंसं वाटलं. ती बाहेर आली, हाताला पिठाचा वास. माझ्यापासून जरा लांबच बसली.

"मी न्हाई येणार, ताई."

"येडी का काय तू? तुझे बाबा व्हय म्हणून राहिले!"

"त्यांनी व्हय म्हटलं, ऐकलं मी." तिचा आवाज अगदी सरळ होता. "तुमाला बाहेर नेलं ना, तवा मी डावीकडं हात लांबवला. कुणी न्हाई. उजवीकडं लांबवला, कुणी न्हाई. डोंगरकड्याचा माणूस लंगडत का असंना, शेजारी राहील. मला आता एकटं न्हाई राहायचं, ताई. खोलीत बी न्हाई."

वडिलांचा खोकला भिंतीकडं वळला. मी सगळ्या रस्त्यानं शब्द जुळवत आले होते, ते सगळे बापासाठी होते. तिच्यासाठी माझ्याकडं एकही नव्हता.