टारफुल्याची मुळं

आत्यानं आमच्या ज्वारीवर करणी केली, असं आमच्या घरात अजून सांगतात. ते खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

कापसाच्या तेजीची ती वर्षं. पातूरकडची आमची सगळी काळी जमीन कपाशीखाली गेली. घरच्या ज्वारीला नाल्याकाठचा एक तुकडा उरला. दरसाल तिथंच ज्वारी, म्हणून तिथं टारफुला माजला. वीतभर उंचीचं, पांढऱ्या फुलांचं तण. माझी विधवा आत्या आमच्याकडेच राहायची, तो तुकडा तीच सांभाळायची. तिनं मला बजावलं होतं, "फुलं यायच्या आंदी उपट अन् जाळून टाक." पण बाया सगळ्या कपाशीच्या निंदणाला. मी उशिरा उपटलं आणि जाळायचा कंटाळा करून, बी धरलेलं तण उकिरड्यात फेकलं. उन्हाळ्यात तेच खत त्या तुकड्यात पसरलं.

पुढच्या पावसाळ्यात जमीन ओली असूनही ज्वारी माना टाकू लागली. वर टारफुला कुठंच दिसत नव्हता. आत्यानं ज्वारीचं एक ताट मातीसकट अलगद उकरलं आणि मुळं नाल्यात धुतली. ज्वारीच्या मुळात एक बारीक पांढरं मूळ घुसलं होतं.

"पाय रे, हे टारफुल्याचं तोंड. जमिनीत लपून तिचंच पानी पेते, तिचंच अन्न खाते. हा वर येईस्तोवर ती अर्दी मरते."

ती मुळं घेऊन आम्ही घरी आलो. बाबा ओसरीवर तापलेले.

"नवरा गिळला, आता ज्वारी गिळून राहिली! घरात ठेवत नाही मी तुले."

"दादा, हे मुळं तं पाय. या पोराले इचार." ती माझ्याकडे वळली. "सांग ना रे, काय दिसलं तुले?"

तण कुठून आलं, हे बाबांनी पुढं विचारलंच असतं.

"मले काही नाही दिसलं," मी म्हणालो.

आत्यानं हातातली मुळं ओसरीच्या कडेला ठेवली.

चार दिवसांनी तिला गाडीत बसवून अमरावतीला, तिच्या दिराकडे धाडलं. त्यांनी तिला गोठ्यात जागा दिली. हिवाळ्यात ती तिथंच तापानं गेली.

पुढच्या साली टारफुला दुप्पट आला.

"मेली तरी सोडत नाही," बाबा म्हणाले.

निदान तिच्यावरचा आळ तरी मला तेव्हा पुसता आला असता. तरी मी बोललो नाही.